आत्यांचा घरबिंदू

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. पुढंमागं पुन्हा परवानगी मागायची आहे, उगाच विस्तवाशी खेळ कशाला! थंड आहे, उत्तरेला आहे, आणि तिथं माझी लेक ओवी राहते, एवढं पुरे.

मी हर्षदा पिसाळ. कऱ्हाड डेपोची रिटायर कंडक्टर. आता २०४८ साली बसमध्ये कंडक्टर नसतोच. दारातला कॅमेरा चेहरा बघतो आणि तिकीट कापतो. पण मी अठ्ठावीस वर्षं कऱ्हाड-चिपळूण रूटवर उभ्यानं घाट चढले आणि उतरले. विनातिकीट माणूस मला लांबनं कळायचा. तो खिडकीतून बाहेर फार मन लावून बघतो. म्हणजे तपासणी करणं हा माझा धंदाच होता. स्वतःची तपासणी झाली तेव्हा मात्र माझी बोबडी वळली.

झालं असं, की ओवीला दिवस गेले. दुसऱ्यांदा. पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा त्या देशानं सुरक्षेचं काहीतरी कारण काढून सीमा पाच महिने बंद ठेवल्या होत्या. जावई जहाजावर, पोरगी परक्या दवाखान्यात एकटी, आणि मी इथं फोन कानाला लावून. ती रडत नव्हती. ‘आई, काहीतरी बोल, काहीही बोल,’ एवढंच म्हणत होती. मला मेलीला काही सुचेना. मी तिला कऱ्हाडपासून चिपळूणपर्यंतचे सगळे थांबे म्हणून दाखवले. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, सगळे. आई म्हणून मला एवढंच करता आलं. यावेळी वीस फेब्रुवारी तारीख दिली होती, आणि जावई पुन्हा मार्चपर्यंत जहाजावर. काही झालं तरी मी पोरीच्या उशाशी असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता सीमा उघड्या होत्या, पण दारात टोपी होती.

टोपीचं शास्त्र मला जसं समजलं तसं सांगते. वटवाघूळ अंधारात कितीही भरकटलं तरी आपलं ठिकाण कुठल्या अंगाला आहे आणि किती लांब आहे, ते त्याच्या मेंदूत सतत चालू असतं. त्यासाठी वेगळ्या पेशीच असतात. तशाच माणसातही सापडल्या. तुम्ही भाजी निवडत असा नाहीतर भांडत असा, आत कुठंतरी एक सुई घराकडं तोंड करून उभीच असते. याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं घरभान. डोक्यावर तारांची टोपी घालायची, हळूहळू गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसायचं आणि आपल्या माणसांचे, जागांचे आवाज ऐकायचे. ज्या आवाजाला, ज्या दिशेला तोंड असताना पडद्यावरची रेघ उसळते, तिकडं तुमची ओढ. अशा सगळ्या रेघा मिळवून यंत्र नकाशावर एक ठिपका काढतं. तो घरबिंदू. खोटं बोलता येत नाही, कारण रेघ उसळते ती तुम्हाला विचार सुचायच्या आधी.

यंत्र निघालं होतं विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी. असं माणूस ‘घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घरातून उठून चालायला लागतं. त्याला नेमकं कुठं जायचंय हे टोपी सांगायची आणि घरचे त्याला तिथं नेऊन आणायचे. किती चांगलं काम! पण चांगल्या गोष्टीवर सरकारची नजर पडायला वेळ लागत नाही. पाहुणा म्हणून येणारा माणूस परत जाईल का, हे कागदावरून कळत नाही, घरबिंदूवरून कळतं, असं त्या देशाच्या ध्यानात आलं. घरबिंदू स्वतःच्या देशात असेल तर या. आमच्या देशात असेल तर राहा तिकडंच. शंभरपैकी पन्नास तरी ‘परतीचा अंक’ पाहिजे.

कऱ्हाडात बर्गे नावाचे एक गृहस्थ याचे फॉर्म भरून द्यायचे. त्यांनी मला बजावून सांगितलं, “ताई, चाचणीला डोकं धुऊन जायचं, तेलाचा थेंब लावायचा नाही. तेलकट केसांवर टोपी चालत नाही, परत पाठवतात.” मग विचारलं, “घरात कोण कोण?”

“मी आणि सासूबाई.”

“सासूबाईंचं रेशनकार्ड?”

“ते गावी, थोरल्या दिरांच्या कार्डावर.”

“मग कागदोपत्री तुम्ही एकट्या. तसंच लिहितो. आणि ओढीच्या आवाजांच्या यादीत सासूचं नाव घालू नका बरं का. सुना सासूपासून पळायलाच परदेशी जातात असा त्यांच्या यंत्राचा समज आहे.” हे म्हणून ते खो खो हसले. मीही हसले. तिथंच चुकलं.

खरं सांगायचं तर यादीत आत्यांचं नाव घालायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. हौसाबाई पिसाळ, वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, जीभ सरळ. एकतीस वर्षं आम्ही एका छपराखाली भांडलो. आमटीत मीठ किती, दाराला कडी कधी, ओवीला शाळेत घालायचं कुठं, एकही विषय सोडला नाही. ओवीचे पप्पा गेले तेव्हा थोरले दीर आत्यांना न्यायला आले होते. आत्या म्हणाल्या, ‘गावात मला करमत न्हाई, हितनं यष्टी दिसत्यात.’ माझ्यासाठी थांबल्या असं त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरात पुण्याला चाचणी झाली. माझ्या यादीत नवऱ्याचा आवाज होता, डेपोची घोषणा होती, गावच्या देवळातली घंटा, घराच्या फाटकाची करकर, शेजारच्या रुबीनाचं हसणं. त्या देशाच्या बाजूनं ओवीचा आवाज. टोपी घालणारी पोरगी केतकी गोड होती. “काकू, अंग सैल सोडा,” म्हणाली. खुर्ची फिरायला लागली. नवऱ्याच्या आवाजाला माझे डोळे भरले, पण रेघ थोडीशीच हलली. गेलेल्या माणसाला दिशा नसते, असं केतकीनं नंतर सांगितलं. आणि ‘आई’ अशी एकच हाक आली, खुर्ची वायव्येला होती, आणि रेघ अशी उसळली की पडद्याबाहेर जाते की काय.

परतीचा अंक एकतीस. नापास! आयुष्यात एवढे कमी मार्क मला गणितातसुद्धा पडले नव्हते.

पंधरा दिवसांनी एक शेवटची संधी होती. मी घरी आले ती तोंड पाडूनच. आत्या कॉटवर पाय सोडून शेंगा फोडत बसल्या होत्या.

“काय झालं गं?”

“काही नाही. मला परत यायला इथं काहीच नाही म्हणे. लेकीकडं गेले की मी तिकडंच राहणार, असं यंत्राचं म्हणणं.”

आत्यांचा हात थांबला. “आन् मी?”

मी पर्स खुंटीला अडकवायला वळले.

“माझं नाव घातलं व्हतंस का?”

“आत्या, अहो ते रेशनकार्ड…”

“रेशनकार्डाला लागू दे आग! एकतीस वरसं तुज्यासंगं काढली आन् तुला परत यायला काय न्हाई? माझा आवाज घाल म्हणावं. बघूच दे.”

मी टाळाटाळ केली. कारण निकालाच्या कागदावर प्रत्येक आवाजापुढं आकडा छापून येतो. आत्यांना अक्षर लागत नसलं तरी आकडे चांगले कळतात. त्यांच्या आवाजापुढं चार नाहीतर सहा आलं, तर या वयात त्यांना काय वाटेल? व्हिसाचं राहू दे, मी त्या घरात तोंड कसं दाखवू? पण त्या ऐकेनात. मी फोन समोर धरला आणि म्हटलं, “बोला काहीतरी गोड.”

“गोड कशाला? रोज बोलते तसं बोलते.” आणि त्यांनी पोट ताणून हाक मारली, “हर्षदे, दूध गेलं बघ उतू! ध्यान कुठं हाय तुजं?”

दुसऱ्या चाचणीला खुर्ची फिरत होती. घंटा झाली, फाटक झालं. मग कानात कडाडलं, ‘हर्षदे!’ आणि मी टोपीसकट उठायलाच लागले. केतकीनं खांदा धरून खाली बसवलं. खुर्चीचं तोंड तेव्हा दक्षिणेला, म्हणजे कऱ्हाडकडं होतं. कागद हातात आला तेव्हा आत्यांच्या नावापुढं एक्याण्णव होते. ओवीपुढं त्र्याण्णव. बाकी कुणी जवळपाससुद्धा नव्हतं. मी त्या कागदाकडं बघत बसले. मला आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटत होती.

परतीचा अंक पन्नासच्या वर गेला, पण सुटका नव्हती. पडद्यावर त्यांचा सुरक्षा अधिकारी आला. तो त्याच्या भाषेत बोलत होता आणि यंत्र मराठी करून देत होतं.

“आपल्या अर्जात घरात आपण एकट्या आहात. मग या हौसाबाई कोण? आपण व्यक्ती लपवली आहे. हा गंभीर प्रकार आहे.”

“साहेब, लपवली नाही. त्यांचं नाव दिरांच्या रेशनकार्डावर आहे.”

“मग त्या दिरांकडे राहतात?”

“नाही, माझ्याकडं राहतात. आमच्यात माणूस एका घरात राहतं आणि त्याचे कागद दुसऱ्या घरात. कागद हलवायला गेलं की भावाभावांत संशय येतो, वाटणीचा. म्हणून कुणी हलवत नाही.”

त्याला यातलं किती समजलं देव जाणे. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “ही प्रतिक्रिया भीतीची आहे की प्रेमाची? यंत्राला फरक सांगता येत नाही.”

“साहेब, एकतीस वर्षांत आम्हालाही सांगता आला नाही.”

तो पहिल्यांदा हसला. पंच्याहत्तर दिवसांची परवानगी मिळाली, पण अटींवर. माझी ओढ एकाच माणसावर टांगलेली होती, म्हणून ते माणूस माझं जामीन. अटींचं पत्र रुबीनानं आमच्या सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. रुबीना मुलाणी सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. माझ्यामागं आत्यांचं सगळं तीच बघणार होती.

“एक, जामीन व्यक्तीनं देश सोडायचा नाही.”

“सातारा सोडून म्होरं गेले न्हाई मी,” आत्या म्हणाल्या.

“दोन, जामीन व्यक्तीलाही टोपी घालणार. एकदा परवानगीच्या वेळी आणि मग दर महिन्याला. एखादी तारीख चुकली तर महिनाअखेरपर्यंत सवलत. तीन…” रुबीना थांबली. मी तिला डोळ्यानं खुणावलं, पण आत्यांनी ते बघितलं.

“वाच की गं.”

“तीन, जामीन व्यक्तीचं निधन झालं तर पाहुण्यानं अठ्ठेचाळीस तासांत देश सोडायचा. आणि जामीन व्यक्तीचा घरबिंदू देशाबाहेर हलला तर चौदा दिवसांत.”

मी म्हटलं, “असले नियम लिहिणाऱ्यांच्या हाताला काही होत कसं नाही!”

आत्यांनी बोटं मोजली. “बाळातपण कवाचं?”

“वीस फेब्रुवारी.”

“मग मार्चपतुर मी मरत न्हाई. लिव म्हणावं तसं.” मग त्यांनी रुबीनाला विचारलं, “आन् त्यो बिंदू हलला म्हंजे?”

“म्हणजे आज्जी, तुमचं मन इथनं उठून दुसऱ्या मुलखात गेलं तर.”

“म्हातारीचं मन कुठं जातंय!” मी हसत म्हणाले. आत्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी केतकी टोपी आणि फिरती खुर्ची घेऊन कऱ्हाडात आली. आत्यांचा घरबिंदू निघाला कऱ्हाड, राहतं घर. शिक्का बसला. त्या दिवसापासून आत्या, ज्या रक्तदाबाची गोळी पदराआड दडवून मोरीत टाकायच्या, त्या गोळी हातात घेऊन मला दाखवून गिळायला लागल्या. “बघ, गिळली. उद्या म्हणशील सासू मेली म्हणून माझा व्हिसा गेला.” मी दहा जानेवारीला निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, “जा, उशीर व्हईल.”

तिकडच्या विमानतळावर चार तास उभं केलं. डिंकाचे लाडू एकेक फोडून यंत्राखाली धरले. शेवटी दार उघडलं आणि पोट सांभाळत उभी असलेली ओवी दिसली. ती माझ्या गळ्यात पडली आणि दोन वर्षांपूर्वीचं सगळं रडणं तिथं रडली. मी पाठीवरनं हात फिरवत राहिले. एका शिपायानं आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, मी त्याला शुद्ध मराठीत ‘थांब जरा’ म्हटलं आणि तो थांबला.

महिना बरा गेला. रोज सकाळी आत्यांना फोन. त्या दोन वाक्यं बोलायच्या. जेवलीस का, पोरगी बरी हाय का. मग म्हणायच्या, ठेव. मला वाटायचं, म्हातारी निवांत आहे.

आठ फेब्रुवारीला आत्यांची तपासणी होती. संध्याकाळी केतकीचा निरोप आला: ‘चाचणी झाली नाही. आजींनी केसांना तेल लावलं होतं.’

मी म्हटलं, विसरल्या असतील. बाराला ती पुन्हा गेली. पुन्हा तेल. सतराला गेली, तर आत्यांनी डोक्यावर एरंडेल थापलं होतं. “कानावरनं ओघळत होतं काकू,” केतकी म्हणाली. “मी म्हटलं, शाम्पूनं धुऊन देते. तर म्हणाल्या, मला सर्दी होईल आणि मी मेले तर जबाबदार कोण?”

माझं डोकं फिरलं. महिनाअखेरपर्यंत चाचणी झाली नाही तर परवानगी स्थगित होणार होती. वीस तारीख उलटून गेली, ओवीला कळा नाहीत. बाळ हलतंय का बघायला ती दर तासाला पोटावर हात ठेवायची आणि माझ्याकडं बघायची. डॉक्टर म्हणायचे, ठीक आहे, थांबू. मागच्या वेळीही ठीक आहेच म्हणाले होते. एकवीसला केतकी चौथ्यांदा हात हलवत परत गेली, तेव्हा मी फोन लावला आणि तोंड सोडलं.

“आत्या, हा काय हट्ट लावलाय तुम्ही? एवढी साधी टोपी! मला इथनं हाकलून देतील, कळतंय का?”

“डोकं दुखतंय माझं. तेलाबिगर राहवत न्हाई.”

“एकतीस वर्षं तेल लावा म्हटलं की नको म्हणायचात, आणि आताच बरं दुखतंय? माझ्या लेकीचं सुख बघवत नाही का तुम्हाला?”

तिकडं कॉट करकरल्याचा आवाज आला.

“म्हण बाई,” आत्या म्हणाल्या. “काय म्हणायचं ते म्हण. पोरीकडं बघ तू.” आणि ठेवला.

बोलून गेले ते गेले. दिवसभरात दहा वेळा फोन हातात घेतला, पण परत लावला नाही. मला रागही होता ना!

पंचवीसला पहाटेपासून ओवीला कळा सुरू झाल्या. सकाळी दहाला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, आणि आवाज असा, की कुंभार्ली घाटात हॉर्नची गरज नाही. ओवीनं माझा हात एवढा घट्ट धरला होता की मनगटात बांगडी रुतली. “आई, रडतेय ती. ऐकलंस? रडतेय!” मी म्हटलं, “ऐकलं गं माझ्या राणी, ऐकलं.” आम्ही तिघी रडलो. नर्सला वाटलं काही बिघडलं.

सगळं आवरल्यावर मी पहिला फोन रुबीनाला केला. राग कुठल्या कुठं गेला होता. तिनं बातमी आत्यांना तिथल्या तिथं सांगितली. मला फक्त त्यांचा आवाज आला, “दोघी बऱ्या हायत न्हवं? मग पाणी तापव गं रुबीना. शिकेकाई काढ.”

त्यांनी न्हाऊन घेतलं, दारात उन्हात बसून केस वाळवले आणि स्वतःहून केतकीला बोलावणं धाडलं. सव्वीसला चाचणी झाली. सत्तावीसला मला त्या देशाच्या सुरक्षा खात्याचं पत्र आलं. ओवी बाळाला मांडीवर घेऊन वाचत होती. वाचता वाचता तिचा आवाज उतरला.

“आई, तुझी परवानगी रद्द केलीय. चौदा दिवसांत निघायचं.”

“का? चाचणी तर दिली ना त्यांनी!”

“जामीन व्यक्तीचा घरबिंदू देशाबाहेर आढळला, असं लिहिलंय.” तिनं कागदावरचा नकाशा पडद्यावर मोठा केला. ठिपका कऱ्हाडात नव्हता. गावीही नव्हता. सगळा समुद्र ओलांडून तो इथं, या थंड शहरावर येऊन बसला होता. खाली शेरा होता, ओवीनं तो दोनदा वाचला. “सदर व्यक्ती आपल्या देशात आल्यास परत न जाण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के. प्रवेश देऊ नये.”

साताऱ्यापुढं न गेलेली, वाकलेल्या पाठीची माझी सासू, आणि हा एवढा मोठा देश तिच्या येण्याला घाबरला होता.

मी रुबीनाला फोन लावला. ती म्हणाली, “हर्षदाताई, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, त्यो देश कुठल्या अंगाला हाय. मी खिडकीतनं बोट करून दाखवलं. तेव्हापासनं त्यांनी कॉट फिरवून घेतलीय. उशाचा भाग पायथ्याला. जेवायला बसल्या तरी तोंड तिकडंच. मी तुम्हाला सांगते म्हटलं तर मला शपथ घातली.”

“आत्यांना दे.”

आत्या फोनवर आल्या. “बाळाला टाळू भरली का?”

“आत्या, तुम्हाला ठाऊक होतं. टोपी काय दाखवणार ते.”

“मग? माझं मन मला ठावं नसंल?”

“म्हणून तेल?”

“आठ तारखेला टोपी घातली असती तर बावीसला तुला घालवली असती. आन् पोरगी पंचवीसला बाळात झाली. केला हिशोब मी.” त्या दमल्या, थांबल्या. “त्यात आणि तुजं बोलणं. बोललीस ते बरं झालं म्हण. मला वाटलं, आता तरी मन मागं फिरंल. म्हटलं, फिरलं तर टोपी घालीन. पण मेलं फिरंचना.”

मी जे बोलले होते ते माझ्या कानात परत वाजायला लागलं. “आत्या, चुकले मी. माफ करा.”

“ठेव आता. बिल व्हतंय.”

बिल कसलं होतंय, २०४८ साली!

ओवी म्हणाली, “आई, अपील करता येतं. मी वकील बघते. तुझे अजून सव्वीस दिवस शिल्लक आहेत, मी सोडणार नाही. यांनी काय खेळ मांडलाय?” ती रागानं लाल झाली होती. पाच तारखेला जावई जहाजावरनं यायचे होते, आठला बारसं ठरत होतं. नात तिच्या मांडीवर मुठी वळून झोपली होती. तिला सोडून जायचं म्हटल्यावर माझ्या छातीत कळ आली, खोटं कशाला सांगू? टोपी घातली असती तर एकाच वेळी दोन बाजूंना रेघ उसळली असती.

“अपील नको,” मी म्हटलं. “बारसं करते, दहाला निघते.”

“पण का? तू तर माझ्याजवळ राहायला आली होतीस ना? आज्जीला रुबीनामावशी बघतेय. ती घरीच तर आहे!”

मी नकाशावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ओवीच्याच गल्लीवर होता, आम्ही बसलो होतो त्याच खोलीवर.

“घरी कुठं आहे गं?” मी म्हटलं. “दीड महिना झाला, म्हातारी घराबाहेर आहे. मी कऱ्हाडात उतरल्याशिवाय ती काही घरी पोचायची नाही.”